शल्य निघाले, पुढे काय?



गोळी लागलेल्या माणसावर उपचार कसे करायचे, हे हिंदी चित्रपटांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना शिकवून ठेवले आहे. नायक खाटेवर पडलेला असतो. कुणीतरी दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवतो, नायकाच्या दातांत लाकडाचा तुकडा दिला जातो, आणि मग चिमट्यातून ताटलीत पडलेल्या गोळीचा तो ‘टण्ण’ असा आवाज येतो. आवाज आला की वैद्य कपाळ पुसतो, सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि पुढच्या दृश्यात नायक, फार तर एक हात गळ्यात बांधून, शत्रूचा समाचार घ्यायला निघतो. गोळी निघाली म्हणजे माणूस वाचला, हे समीकरण मनात इतके घट्ट बसले आहे की प्रत्यक्षात कुणाला गोळी लागली तर शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या आप्तांचा पहिला प्रश्न तोच असतो, ‘डॉक्टर, गोळी काढली का?’ ‘नाही, आतच ठेवली आहे’ असे उत्तर मिळाले, की त्यांचा विश्वासच डळमळतो.

वास्तविक गोळी आपले काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकते. तिच्या मार्गात जे फाटायचे, फुटायचे ते तेवढ्यातच फाटते, फुटते. त्यानंतर ती आत राहिली काय आणि बाहेर आली काय, बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रक्त वेळेवर थांबल्याने, जखम स्वच्छ झाल्याने आणि त्यानंतर महिनोन्‌महिने, कित्येकदा जन्मभर चालणाऱ्या शुश्रूषेने. ही शेवटची गोष्ट चित्रपटात कधी दिसत नाही आणि वर्तमानपत्रातही क्वचितच येते. आज तिचाच विचार करायचा आहे.

‘शल्य’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. मनात सलत राहिलेल्या गोष्टीला आपण शल्य म्हणतो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला शल्यचिकित्सक. मुळात शल्य म्हणजे शरीरात घुसलेले बाणाचे टोक, काटा, तुटलेले हाड, जे जे आत राहून पीडा देते ते. ते बाहेर काढण्याचे शास्त्र म्हणून शल्यतंत्र. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत चोषण आहे, धुणे आहे, लोहचुंबकही आहे. आत हरवलेले शल्य शोधावे कसे, यावर स्वतंत्र अध्याय आहे. संशय असलेल्या जागी घट्ट तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. जिथे तूप वितळेल किंवा लेप लवकर सुकेल, तिथे खाली शल्य आहे असे जाणावे. दाह झालेल्या जागी उष्णता वाढते, या साध्या निरीक्षणाचा तो उपयोग होता.

परंतु त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट सुश्रुताच्या मर्मविचारात आहे. मर्मांच्या पाच प्रकारांपैकी एकाचे नाव ‘विशल्यघ्न’. अशा मर्मात शल्य रुतून बसले असेल, तर ते आत असेपर्यंत माणूस जगतो. किंवा ते पिकून आपोआप गळून पडले, तरी जगतो. ओढून काढले तर मरतो. काढण्याचे पंधरा उपाय सांगणाऱ्या ग्रंथाने ‘काढू नका’ हेही तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. अर्थात यावरून प्राचीन भारतात बंदुकीच्या गोळीचे उपचार होते, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. सुश्रुतापुढे बाण होता. बाणाचा वेग आणि बंदुकीच्या गोळीचा वेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि सगळा अनर्थ त्या वेगातच आहे.

वेगाचे गणित

पिस्तुलाची गोळी साधारणत: सेकंदाला अडीचशे ते चारशे मीटर वेगाने सुटते. रायफलीची गोळी सातशे ते नऊशे मीटरच्या आसपास. आता शाळेतले पदार्थविज्ञान आठवावे: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. त्यामुळे वजनाने हलकी असलेली रायफलीची गोळी जड पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त हानी करते. ती मांसातून जाताना केवळ स्वत:एवढे भोक पाडत नाही. पाण्यात दगड मारल्यावर पाणी बाजूला फेकले जावे तसे आजूबाजूचे मांस क्षणभर बाहेर फेकले जाते आणि पुन्हा मिटते. त्या क्षणभरात गोळीच्या जाडीच्या कितीतरी पट मोठी पोकळी निर्माण होते. फुप्फुस स्पंजासारखे लवचीक असल्याने हा ताण बऱ्याच अंशी सोसते. यकृत आणि मेंदू यांना तो सोसत नाही. हाडावर आदळली तर हाडाचे तुकडेच नव्या गोळ्यांसारखे उडतात. म्हणून बाहेरून पाहता आत जाण्याची जखम बोराएवढी आणि आतला संहार मुठीएवढा, असे दृश्य डॉक्टरांना नेहमी दिसते.

दुसरा एक समज असा, की गोळी बंदुकीतून तापून निघते, म्हणून ती जंतुरहित असते. हे खरे नाही. शिवाय ती एकटी आत शिरत नाही. गणवेशाच्या चिंध्या, माती, केस यांना घेऊन शिरते. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि फ्रान्सच्या शेतांत खंदक खणले गेले. ती पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली जमीन होती. तिथल्या जखमींना धनुर्वात आणि गॅस गँग्रीन यांनी घेरले. जखम झाली की ती शिवून टाकावी, ही तोवरची रीत तिथे प्राणघातक ठरली. बेल्जियन शल्यचिकित्सक आंत्वान देपाज आणि त्यांच्या समकालीनांनी मग वेगळा मार्ग प्रशस्त केला: मेलेले मांस निर्दयपणे कापून टाकायचे, जखम उघडी ठेवायची, आणि चार-पाच दिवसांनी ती निरोगी दिसली तरच शिवायची. युद्धातील जखमांसाठी हाच नियम आजही शिकवला जातो. जखम उघडी ठेवलेली पाहून नातेवाइकांना डॉक्टरांची हयगय वाटते. वस्तुत: ती दक्षता असते.

गोळी शोधण्याच्या हट्टापायी काय घडू शकते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेचा आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीत शिरून स्वादुपिंडाच्या मागे जाऊन बसली. ती तिथे निरुपद्रवी अवस्थेत होती, हे शवविच्छेदनात कळले. पण तोवर देशातल्या नामवंत डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून तिचा शोध चालवला होता. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तत्त्व १८६७ मध्येच प्रसिद्ध केले होते, परंतु त्या मंडळींना ते मान्य नव्हते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू शोधणारे यंत्र बनवून आणले. ते गोंधळले, कारण खाटेच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि शोधही शरीराच्या भलत्याच बाजूला घेतला जात होता. तीन इंचांची जखम डॉक्टरांच्या बोटांनी लांबच लांब पुवाची नळी होऊन बसली. १९ सप्टेंबरला, एकोणऐंशी दिवसांनी, गारफिल्ड गेले. त्यांच्यावर गोळी झाडणाऱ्याने न्यायालयात असा बचाव केला, की आपण केवळ गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी. त्याला फाशी झाली आणि ते योग्यच झाले. पण त्याच्या विधानातला वैद्यकीय भाग आजचे तज्ज्ञ सहसा खोडून काढत नाहीत.

त्यानंतर चौदा वर्षांनी राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि गोळी न शोधताही दिसू लागली. आज ती कुठे आहे हे पाहून मग ठरवतात. सांध्यात असेल तर काढलीच पाहिजे, कारण सांध्यातल्या द्रवात शिसे विरघळते, सांधा झिजतो आणि शिशाची विषबाधाही होऊ शकते. रक्तवाहिनीत असेल, मज्जातंतूवर दाब देत असेल, त्वचेखाली टोचत असेल, तरीही काढतात. स्नायूत खोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बसली असेल, तर तिला तिथेच राहू देतात. शरीर तिच्याभोवती तंतूंचे आवरण विणते आणि माणूस ती घेऊन पुढची पन्नास वर्षे जगतो. एवढेच की पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत गोळी आहे हे आधी सांगावे. पोलादाचा अंश असलेला तुकडा त्या चुंबकाने हलू शकतो.

पहिला तास

गोळी लागलेला माणूस घटनास्थळीच दगावतो, तेव्हा टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण असते रक्तस्राव. मांडीतली मुख्य धमनी तुटली तर काही मिनिटांचाच अवधी असतो. अशा वेळी जवळ असलेल्या माणसाने काय करावे? जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबावे आणि दाबूनच धरावे. दर मिनिटाला उचलून ‘थांबले का’ असे पाहू नये. हातापायांतून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टी आवळून बांधावी. ती सांध्यावर नसावी, रक्त थांबेपर्यंत आवळावी, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत सैल करू नये. दुतळी किंवा दोरी वापरू नये, ती मांसात रुतते. जखमी माणूस पाणी मागतो. ते देऊ नये, कारण थोड्याच वेळात त्याला भूल द्यावी लागणार असते. अंगावर पांघरूण मात्र घालावे. शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव अधिक वाढतो. शिवाय एक जखम सापडली की दुसरी शोधावी. पुढून दिसणाऱ्या जखमेकडे सगळे पाहत असतात आणि रक्त पाठीमागून सतरंजीत मुरत असते.

आणि उचलून न्यायचे कुठे? जे जवळचे रुग्णालय असेल तिथे. ‘हे पोलीस प्रकरण आहे, आधी तक्रार नोंदवा’ असे सांगून जखमीला परत पाठवण्याचे प्रकार आपल्याकडे घडत आले आहेत. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच नि:संदिग्ध निर्णय दिला आहे, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने उपचार करणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. पोलिसांना कळवणे आवश्यक आहेच, पण ते उपचारांच्या बरोबरीने, उपचारांच्या आधी नव्हे. या निर्णयाला साडेतीन दशके उलटून गेली. तो प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक असायला हवा होता.

रुग्णालयात पोचल्यावर आजचे शल्यचिकित्सक सगळे एकाच वेळी दुरुस्त करायला जात नाहीत. यामागची कल्पना नौदलातून आली आहे. भर समुद्रात जहाजाला भोक पडले, तर आधी ते कसेबसे बुजवून बंदर गाठायचे, रंगरंगोटी नंतर. त्याप्रमाणे पहिली शस्त्रक्रिया आटोपशीर: रक्त थांबवा, फाटलेल्या आतड्याची तोंडे बंद करा, पोट तात्पुरते झाका आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊन ऊब द्या, रक्त द्या. एक-दोन दिवसांत तो सावरला की पुन्हा शस्त्रक्रियागृहात. नातेवाइकांना हे ‘अर्धवट ऑपरेशन’ वाटते. या सगळ्यात रक्त किती लागते, याची कल्पना बाहेरच्यांना नसते. आणि ते रक्त घटनेनंतर रांगेत उभे राहिलेल्यांचे नसते. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात, काहीही घडलेले नसताना कुणीतरी दिलेले असते, कारण तपासणी होऊन पेढीत तयार असलेले रक्तच त्या तासात चढवता येते. उत्सवाच्या आणि पुण्यतिथीच्या दिवशी शिबिरे होतात, हे चांगलेच आहे. परीक्षांच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या महिन्यांत पेढ्या रिकाम्या पडतात, तेव्हा एखादे शिबिर घेतले तर ते अधिक उपयोगी पडेल.

जिथे खरी लढाई सुरू होते

आतापर्यंत जे सांगितले ते काही तासांचे, फार तर आठवड्यांचे. गोळी पाठीच्या कण्याजवळून गेली असेल तर प्रश्न वर्षांचा होतो. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड. गोळीने त्याला स्पर्शही न करता, केवळ शेजारून गेल्याच्या धक्क्याने तो निकामी होऊ शकतो. तो पूर्णपणे निकामी झाला असेल तर गोळी काढल्याने पाय परत येत नाहीत. कमरेखालचे चलनवलन जाते हे सगळ्यांना दिसते. पण जाणीवही गेलेली असते हे दिसत नाही. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसलो असता नकळत अंग सरकवतो, कारण त्वचा तक्रार करते. त्या माणसाची त्वचा तक्रारच करत नाही. काही तास एकाच कुशीवर राहिला की हाडावरची कातडी रक्ताअभावी मरू लागते आणि शय्याव्रण होतो, तो हाडापर्यंत पोखरत जातो. मूत्राशयही स्वत:हून रिकामे होत नाही. साठलेले मूत्र दूषित होते, मूत्रपिंडे खराब होतात. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुसंख्य सैनिक दोन-तीन वर्षांत गेले. त्यांना गोळीने मारले नाही, अंथरुणाने मारले.

हे बदलले ते लुडविग गुटमन या एका जर्मन ज्यू डॉक्टरमुळे. हिटलरशाहीमुळे देश सोडून ते १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूच्या जखमींचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. या रुग्णांना शांतपणे मरू द्यावे, एवढीच अपेक्षा त्या काळी होती. गुटमन यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. त्यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायला लावली, आणि ते स्वत: रात्री फेरी मारून पाहू लागले. मूत्रमार्गाच्या स्वच्छतेबद्दल ते तितकेच कठोर होते. रुग्ण जगू लागले. जगल्यावर त्यांना काम हवे, खेळ हवा, म्हणून २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमींची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे ते मूळ.

या कथेचा एक धागा सांगली जिल्ह्यात येऊन मिळतो. मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ईएमई शाखेतील जवान आणि नाणावलेले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या विमानहल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात रुतली ती कायमची. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात दीर्घकाळ उपचार झाले. कमरेखालचे अंग गेले, म्हणजे मुष्टियुद्ध संपले. पोहणे सुरू झाले ते व्यायामोपचार म्हणून. पाण्यात शरीराचे ओझे उरत नाही आणि खांद्यांवर सगळी मदार ठेवता येते. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य त्या काळात त्यांना लाभले. आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर जलतरण ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. हायडेलबर्ग जर्मनीत आहे. ज्या देशातून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले, त्याच देशात.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्या जीवनावरचा चित्रपट आदल्या वर्षी झळकल्यानंतर. देशाला आपला जखमी सैनिक आठवायला चित्रपट लागावा, यावर अधिक भाष्य नको.

कारगिलच्या युद्धात ५२७ भारतीय सैनिक हुतात्मा झाले, हा आकडा अनेकांना पाठ आहे. त्याच युद्धात तेराशेहून अधिक सैनिक जखमी झाले, हे कितीजणांना ठाऊक असते? टायगर हिलवर अनेक गोळ्या अंगावर झेललेले योगेंद्रसिंह यादव वाचले, दीर्घ उपचारांनंतर पुन्हा सेवेत रुजू झाले आणि मानद कॅप्टन म्हणून २०२१ अखेर निवृत्त झाले. परमवीरचक्रामुळे त्यांचे नाव राहिले. उरलेले तेराशे आपापल्या गावी गेले. हुतात्म्याला आपण वर्षातून एकदा वंदन करतो, आणि ते केलेच पाहिजे. जखमीला मात्र रोज सकाळी उठून स्नान करायचे असते, आणि तिथे वंदनाचा उपयोग नसतो.

पुण्याला या बाबतीत एक परंपरा आहे. अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज तंत्रसंस्था १९१७ सालची. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. आणि खडकीतच मज्जारज्जूच्या जखमींचे निवासी पुनर्वसन केंद्र आहे. तिथले सगळेच गोळीचे जखमी नाहीत. कुणी दरीत कोसळलेला, कुणी वाहनाच्या अपघातातला. तिथे चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळला जातो. हातही गेलेले काहीजण दातांत कुंचला धरून चित्रे काढतात, आणि ती चित्रे दयेपोटी नव्हे तर चांगली आहेत म्हणून विकत घ्यावीत अशी असतात. आपल्याकडे शाळांच्या सहली पुण्यात येतात, शनिवारवाडा पाहतात, सिंहगडावर पिठले-भाकरी खातात. खडकीला पूर्वपरवानगी घेऊन किती शाळा जातात?

सैनिकाच्या पाठीशी निदान खडकी आहे, लष्करी रुग्णालये आहेत, निवृत्तिवेतन आहे. गडचिरोलीच्या जंगलात जखमी झालेल्या पोलीस जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला आणण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. सामान्य नागरिकाचे काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईत १६६ जण मृत्युमुखी पडले आणि तीनशेहून अधिक जखमी झाले. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांत हातावर पोट असलेले कितीतरी होते. त्यांच्या जिवासाठी महानगरातल्या सरकारी रुग्णालयांनी त्या रात्री शर्थ केली, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर काय, या प्रश्नाला आपल्याकडे सलग उत्तर नाही. दहशतवादी आणि नक्षली हिंसाचारातील बळींसाठी केंद्र सरकारची योजना २००८ पासून आहे. कायमच्या अपंगत्वासाठी तीत आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. मात्र फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जायचे तर रिक्षाचे भाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार, याचे उत्तर कोणत्याही योजनेत नसते. ते शेजाऱ्यांनी, मंडळांनी, गावातल्या कार्यकर्त्यांनीच द्यायचे असते. एका कुटुंबाला वर्षभर वाहन आणि माणूस पुरवणे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. फक्त तिचा फोटो काढता येत नाही.

घरच्यांसाठी आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण रुग्णालयात त्या घाईत सांगितल्या जातात. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. रात्री घड्याळाचा गजर लावून, घरातल्या दोघांनी पाळ्या वाटून घ्यायच्या. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचे. रोज रात्री आरसा घेऊन माकडहाड, टाचा, नितंब तपासायचे. लाल चट्टा दाबूनही पांढरा पडत नसेल, तर ती व्रणाची सुरुवात समजावी आणि त्या जागेवर भार देणे तत्काळ थांबवावे. ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे पेटकरांच्या सुवर्णपदकाच्याच वर्षी. त्या पद्धतीने असंख्य मूत्रपिंडे वाचली. रुग्ण ती स्वत: शिकू शकतो, लाजेपोटी टाळतो, ते चूक.

दुखापत छातीच्या मधल्या भागाच्या वर असेल, तर आणखी एक धोका असतो. एकाएकी डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो आणि रक्तदाब भयानक चढतो. घरातले डोकेदुखीची गोळी शोधत बसतात. कारण बहुतेक वेळा साधे असते: मूत्राशय तुंबलेले असते, नळी मुडपलेली असते, नाहीतर मलावरोध झालेला असतो. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तपासावी. तरीही उतार पडला नाही, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. या प्रकारात पक्षाघातही होऊ शकतो.

मनाचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. तिथे उपदेश फारसे चालत नाहीत. ‘देशासाठी झेलली आहेस, अभिमान बाळग’ असे भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो. ते खरेच असते. पण त्या माणसाला त्या वेळी कदाचित शौचाला न्यायचे असते आणि पाहुणे उठत नसतात. ज्यांचे बरे चालले आहे त्यांच्याकडे पाहिले, तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट समान आढळते: त्यांना कुणीतरी काम दिलेले असते, आणि ते वेळेवर झाले नाही तर रागावणारा वरिष्ठही दिलेला असतो.

घराचे म्हणाल तर चाकाची खुर्ची साधारण दोन फुटांहून थोडी अधिक रुंद असते. आपल्या घरांत न्हाणीघराचे दार पुष्कळदा तेवढेच किंवा त्याहून अरुंद असते, म्हणून रुग्णालयातून माणूस घरी येण्याआधी ते मोजून घ्यावे आणि अडीच फुटांचे, जमल्यास तीन फुटांचे करून घ्यावे. उंबरा काढून टाकावा. शौचालयात भिंतीला पक्का लोखंडी दांडा बसवावा, नुसता खिळ्यांवर नव्हे. बाहेरच्या पायरीसाठी उतार करताना एका फुटाच्या उंचीला बारा फुटांची लांबी धरतात. त्याहून चढ तीव्र झाला तर खुर्ची मागे उलटते. खेडेगावात ओटा उंच असेल तर उतार घराच्या भिंतीलगत वळवून घ्यावा लागतो. गवंड्याचे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे.